शिलकी अंदाजपत्रकातला कचरा

12 ऑक्टोबर 2025, रविवार

दिवाळीच्या आवराआवरीत आज माळा रिकामा केला. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, नातवाच्या वह्या, तेलाचे पत्र्याचे डबे, मोडका पंखा, फुटकी बादली आणि सरबता-लोणच्याच्या काचेच्या बाटल्या. भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं आधी पंखा उचलला, मग डबे. बादली वाजवून पाहिली आणि गोणीत टाकली. रद्दीच्या गठ्ठ्यात हात घालून ओल नाही ना ते चाचपलं. बाटल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“रद्दीला भाव बरा दिसतो यंदा,” मी म्हटलं.

“पपईचा सीझन शे ना, माय.”

शहाद्याकडची पपई झाडावरून उतरली की फळं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ट्रकमध्ये रचतात आणि ट्रक उत्तरेकडे निघतो. म्हणजे आमच्या जिल्ह्यात अग्रलेखाला वाचून झाल्यावरही काम असतं, आणि तो दिल्लीपर्यंत पोचतो. बाकीच्या मालाच्या वाटा त्यानं बोटांवर सांगितल्या. लोखंड हात बदलत बदलत जालन्याला. तिथल्या भट्ट्यांना भंगार लागतंच. पुठ्ठा वापीच्या कागदगिरण्यांकडे. कडक प्लास्टिक मालेगावला, थोडं जळगावला चटयांसाठी. दुधाची पिशवी धुऊन ठेवली तर घेतो. वेफर्सचं चकचकीत पाकीट फुकट दिलं तरी नको. आणि काच जड, फुटणारी, जवळपास घेणारा नाही. गाडीभाडंसुद्धा सुटत नाही.

माळ्यावरचा बहुतेक सुका माल असा दारातून गेला. वर मलाच पैसे मिळाले. नगरपालिकेच्या कोणत्याही वहीत याची नोंद होणार नाही. तिथे नोंद होते ती जे कोणालाच नको असतं त्याची: त्या बाटल्यांची आणि त्या पाकिटांची. लेखा शाखेत उभी नोकरी काढल्यामुळे मला हे आधी सुचतं, याला इलाज नाही.

15 ऑक्टोबर, बुधवार

घंटागाडी आज आली नाही. कालही नव्हती. गाडीवरची मदतनीस मुलगी कोपऱ्यावर भेटली. “डिझेल नही शे, माय. पंपवाला आता उधार देत नही.”

बसल्या बसल्या हिशेब मांडला. आमच्या गावाचे आकडे मागायला गेलं तर आधी अर्ज लिहावा लागेल, म्हणून जिल्ह्याचं ठिकाण धरलं. नंदुरबार शहराची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 1,11,037. लहान शहरांत माणशी रोजचा कचरा 200 ते 300 ग्रॅम धरतात. म्हणजे जुन्याच लोकसंख्येवर रोज 22 ते 33 टन. गल्लीत शिरणाऱ्या छोट्या टिप्परमध्ये एका खेपेला पाऊण टन बसला तर तीस ते पंचेचाळीस खेपा, रोज, सणवार धरून. शहाद्याला याच्या निम्म्या-अर्ध्या, तळोदा-नवापूरला आणखी कमी. पण गाव लहान झालं म्हणून डेपो जवळ येत नाही, आणि ड्रायव्हर अर्धा ठेवता येत नाही.

आता या टनांत असतं काय? निम्म्याच्या आसपास ओला: भाजीचे देठ, साली, शिळी भाकरी, चहाचा चोथा. त्यात बहुतेक पाणी. आपण डिझेल जाळून पाणी गावाबाहेर नेतो आणि तिथे ते कुजून वास मारतं. कचऱ्यावरच्या खर्चाचा मोठा वाटा उचलण्यात आणि वाहण्यातच जातो. डेपोवर काही प्रक्रिया करायची वेळ येईपर्यंत खिसा उलटा झालेला असतो.

घनकचरा व्यवस्थापनाचे नियम 2016 सालचे. घराघरांत तीन प्रकार वेगळे करायचे असं त्यात लिहिलं आहे: ओला, सुका, घातक. नव्या नियमांचा जो मसुदा गेल्या डिसेंबरात आला त्यात चार प्रकार आहेत. आमच्या गल्लीत सध्या एकच आहे.

22 ऑक्टोबर, पाडवा

फटाक्यांचा लाल कागद रस्ताभर. पहाटे सहाला झाडणाऱ्या बाया आल्या तेव्हा आम्ही अभ्यंगाच्या तयारीत होतो. फराळाचं ताट दिलं. दोघी एकाच रस्त्यावर एकाच झाडूनं काम करतात. एक कायम, दुसरी ठेक्यावरची. कायम आहे तिला सासूच्या जागी वारसा हक्कानं नोकरी मिळाली, लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे. 1975चा शासन निर्णय आहे तो. ठेक्यावरचीला सणाची उचलसुद्धा मुकादमाच्या मर्जीवर. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायच्या नाहीत, कारण आस्थापनेचा खर्च मर्यादेत ठेवायचा असतो. मग तेच काम ठेक्यानं घ्यायचं, म्हणजे कागदावर तो पगार राहत नाही, सेवा होते. मर्यादा पाळली जाते. रस्ता तेवढाच लांब राहतो.

29 ऑक्टोबर, बुधवार

एका ओळखीच्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर गावाबाहेरचा खतप्रकल्प पाहिला. पत्र्याची उंच शेड, सिमेंटचा गुळगुळीत ओटा, भिंतीवर ओला-सुका कचऱ्याची रंगीत चित्रं. आत चारा कापायच्या यंत्रासारखं पण मोठं श्रेडर, गठ्ठे बांधायचं यंत्र, चाळणी. सगळं उत्तम कंपनीचं. श्रेडरच्या तोंडावर कबुतरांचं घरटं.

“चालत नाही?”

“चालतं की. चालवायला माणूस नाही. होता तो दिवाळीआधी सुरतेला गेला, तिथे दीडपट मिळतात. आणि थ्री-फेजचं बिल थकलंय.”

घरी येऊन हे सरळ लिहून ठेवते आहे, कारण बाहेरच्याला ते पटत नाही. पटत नाही म्हणून तो ‘खाल्ले असतील पैसे’ म्हणून मोकळा होतो. कुठे खाल्लेही असतील. पण एक रुपया न खाता हीच शेड अशीच बंद पडू शकते.

1999 सालापर्यंत नगरपालिकांना जकात होती. नाक्यावर रोज रोख जमा व्हायची. तिच्यात भानगडी पुष्कळ होत्या, ट्रकांच्या रांगा होत्या, व्यापारी शिव्या घालत. पण संध्याकाळी तिजोरीत नगरपालिकेचा स्वतःचा पैसा असायचा आणि मुख्याधिकारी दुसऱ्या दिवशी डिझेल भरू शकायचा. जकात गेली, तिच्या जागी सरकारचं सहायक अनुदान आलं. ते आलं की पगारात जातं. घरपट्टी म्हणाल तर मार्चमध्ये ढोल वाजवून वसूल करायची, आणि त्यातलं पहिलं देणं पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या वीजबिलाचं.

मोठी रक्कम येते ती दिल्लीहून. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के बंधित: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. स्वच्छ भारत अभियानाचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. त्यात कचऱ्याच्या प्रकल्पाला एक लाखाखालच्या शहरांना केंद्राचा वाटा निम्मा, लाख ते दहा लाखांच्या शहरांना 33 टक्के. आमच्या जिल्ह्यातल्या चार नगरपालिकांपैकी नंदुरबार लाखाच्या वर, बाकी तिन्ही खाली. पण हा वाटा मिळतो उभं करायला: शेड, यंत्र, गाडी, कुंपण. उभं केलेलं चालवायचं ज्याचं त्यानं. लेखा शाखेच्या भाषेत, भांडवली खर्चाला बाप आहे, महसुली खर्चाला कोणी नाही.

म्हणून मुख्याधिकारी वेडा नसतानाही यंत्र मागतो. माणूस मागायची सोयच अर्जात नाही. यंत्राचं उद्घाटन होतं, फोटो येतो, खर्चाचं प्रमाणपत्र वेळेत जातं, पुढचा हप्ता सुटतो. चालवणाऱ्याच्या बाराव्या महिन्याच्या पगाराचा फोटो कोण काढणार?

आणि गंमत अशी की दर फेब्रुवारीत सभागृहात मांडलं जाणारं अंदाजपत्रक शिलकीच असतं. मी इतकी वर्षं पाहिली, तुटीचं क्वचितच दिसलं. शिल्लक कधी दाखवायला पुरते, कधी वाचायला. डिझेलला पुरत नाही.

5 नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

सूनबाईला घेऊन प्रकाशाला गेले. तापीवर गर्दी. द्रोणातले दिवे सुंदर दिसतात, पण हल्ली द्रोण पळसाचा क्वचित. चंदेरी कागदाचा असतो. राज्यानं थर्माकोलची ताटं-वाट्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या मार्च 2018 मध्ये बंद केल्या, पहिल्या वेळेला पाच हजार दंड. ही चंदेरी वाटी त्या नियमात नेमकी कुठे बसते ते घाटावर कोणी विचारत नव्हतं.

काल निवडणूक जाहीर झाली. 2 डिसेंबरला मतदान. गेली तीन-चार वर्षं प्रशासक आहेत. आता नगरसेवक येतील. आचारसंहिता लागली, म्हणजे नवीन ठेका नाही, नवीन मंजुरी नाही. गाडीचा प्रश्न जिथे आहे तिथेच महिनाभर राहणार.

9 नोव्हेंबर, रविवार

धडगाव. भाची तिथल्या एका पाड्यावर शिक्षिका आहे, तिच्याकडे दोन दिवस राहायला आले. घाट चढून वर आलं की वाटतं इथे कसला कचरा! आणि खरंच, इथल्या घरातून टाकायचं म्हणून फारसं काही निघत नाही. उष्टं कोंबड्या-बकऱ्यांना, राख परसात, टोपली मोडली तर चुलीत. भाचीच्या शेजारची पावरा आजी मला विचारत होती, तुमच्याकडे गाडीत भरून नेण्याइतकं टाकता तरी काय? भाचीनं तिचं बोलणं मराठीत सांगितलं. मी उत्तर टाळलं.

पण बाजाराच्या दिवशी पाहावं. दुकानाच्या दाराला पाकिटांच्या माळा लटकलेल्या: वेफर्स, शॅम्पूच्या पुड्या, मसाला, बिस्किटं. बाजार उठला की तीच माळ जमिनीवर. पावसात ती ओहोळात, ओहोळातून नदीत. भाची मुलांकडून शाळेच्या आवारातली पाकिटं गोळा करून घेते आणि मग तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो, आता यांचं करायचं काय? खड्ड्यात जाळते. “मावशी, जाळू नये हे मीच शिकवते पर्यावरणाच्या तासाला. आणि मधल्या सुट्टीत मीच जाळते.”

ग्रामीण भागाचं गणित इथल्या ग्रामसेवकानं सांगितलं. स्वच्छ भारतच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत. एकदाच. दीड हजार वस्तीच्या गावाला 90 हजार. त्यात बहुतेक ठिकाणी तीनचाकी सायकल आणि खतखड्डा येतो. मैदानातल्या गावासाठी ठीक. इथे एक ग्रामपंचायत म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले पाडे. दोन पाड्यांच्या मध्ये कधी कधी तासाची चाल. तीनचाकी सायकल ग्रामपंचायतीच्या पडवीत आहे. तिच्यावर मक्याची कणसं वाळत होती, तेवढा उपयोग आहे.

तालुक्याला प्लास्टिकचं एक केंद्र काढायलाही 16 लाखांपर्यंत मिळतात. पण केंद्रापर्यंत पाकीट आणणार कोण, आणि केंद्रातून पुढे घेणार कोण? भंगारवाला या घाटात येत नाही, कारण लोखंड सोडलं तर इथल्या मालाचं भाडं निघत नाही. ज्या पाकिटाला शहरात कोणी हात लावत नाही त्याला डोंगरात कोण लावील?

यात एक मुद्दा मला फार बोचतो. 2022 पासून नियम असा आहे की पाकीट बाजारात आणणाऱ्या कंपनीनं तेवढं प्लास्टिक परत गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याचा हिशेब द्यायचा. कंपनी तो देते, प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊन. प्रमाणपत्र दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या कारखान्याचं असलं तरी चालतं. वजन जुळलं की झालं. त्यामुळे धडगावच्या ओहोळातलं पाकीट कागदोपत्री कधीच परत गेलेलं असू शकतं. ते पाकीट इथे आणणारा टेम्पो मात्र दर आठवड्याला घाट उतरताना रिकामा जातो. मी खिडकीत बसून पाहिला आज. मागचा पत्रा खडखडत होता, इतका रिकामा.

16 नोव्हेंबर, रविवार

नंदुरबारला लग्नाच्या बोलणीसाठी गेलो होतो. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या, डोळे चुरचुरले. बायका तोंडाला रुमाल बांधून देठ खुडत बसल्या होत्या. इथे मालाचा एक कण वाया जात नाही: चांगली मिरची वेगळी, पांढरी पडलेली फटकी वेगळी, तिलाही गिऱ्हाईक. निवडणं हे काम या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. हजारो बायकांचे हात दरवर्षी तेच करतात, आणि भाव मिळतो म्हणून करतात. कचऱ्याच्या बाबतीत मात्र ‘लोकांना वर्गीकरणाची सवय नाही’ असं आम्ही सभेत सांगत असतो.

तिकडून येताना एकानं सांगितलं की त्यांच्याकडे ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. टनावर पैसे देणं हिशेबाला सोपं, काट्याची पावती जोडली की बिल पास. पण ज्याला वजनाचे पैसे मिळतात तो कचरा कमी कशाला होऊ देईल? ओली बादली घरातच जिरली तर त्याचं नुकसान. त्याच्या गाडीत गटारातला गाळ आणि बांधकामाची मातीसुद्धा चढते, ती जड असते. हा प्रकार महाराष्ट्रभर ठाऊक असलेला आहे आणि तरी निविदा तशाच निघतात.

23 नोव्हेंबर, रविवार

प्रचार जोरात. नगराध्यक्षपदाचे दोन उमेदवार आज येऊन गेले, आपापल्या पॅनेलसह. पहिले म्हणाले, “काकू, पाच नव्या घंटागाड्या आणतो.” मी विचारलं, “आहेत त्यांना ड्रायव्हर आणि डिझेल कुठून?” ते हसले, म्हणाले काकू अभ्यासू आहेत, आणि पत्रक ठेवून पुढे गेले. दुसऱ्यांनी कचऱ्याचं नाव काढलं नाही. घरपट्टी वाढू देणार नाही एवढं ठासून सांगितलं. सूनबाईनं चहा दिला, कागदी कपात.

नियमांप्रमाणे कचरा उचलण्याचं वेगळं शुल्क नगरपालिका घेऊ शकते. कोणीही उमेदवार हे तोंडातून काढणार नाही आणि मला त्यांचा राग येत नाही. गाडी येत नसताना गाडीचे पैसे कोण मागेल? आणि पैसे नाहीत म्हणून गाडी येत नाही. ही गाठ सुटली ती पुण्यात, थोड्या वेगळ्या तऱ्हेनं. तिथे कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत 1993 पासून आहे, बाबा आढावांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेच्या करारानं त्या बायका दारोदार कचरा घेतात. घरवाले दर महिन्याचे पैसे थेट त्यांच्या हातात देतात. सुका माल त्या विकतात, ती कमाईही त्यांचीच. पैसा तिजोरीत जाऊन तिथे पगार की वीजबिल अशा रांगेत उभाच राहत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हे पुणेकरांना सांगितलं तेही याच बायकांनी, कारण उघडताना हात त्यांचा जातो.

आमच्या गावात अशी संघटना नाही, आणि पुण्याच्या सोसायट्यांतून जेवढा विकाऊ सुका माल निघतो तेवढा आमच्या गल्ल्यांतून निघणार नाही. म्हणून जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही ती पद्धत. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला पैसे देणं लोकांना जड जात नाही, हे मात्र खरं. दूधवाल्याला देतोच आपण.

27 नोव्हेंबर, गुरुवार

कोकणातल्या वेंगुर्ल्याबद्दल वाचलेलं पुन्हा काढून वाचलं. बारा-साडेबारा हजार वस्तीची नगरपालिका, आमच्या तळोद्याच्या निम्म्याहून लहान. तिथे रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना डेपोची जागा अशी झाली की लोक ती पाहायला तिकीट काढून जाऊ लागले. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. घरातूनच वेगवेगळं घ्यायचं, मिसळलेलं उचलायचंच नाही, यावर ते अडून बसले. पुढे कर्जत, मग कल्याण-डोंबिवलीत तोच आग्रह.

प्रत्येक सभेत वेंगुर्ल्याची चित्रफीत दाखवतात. दाखवायला हरकत नाही. पण त्यातून आमचे लोक घेतात काय, तर यंत्रांची यादी. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘मिसळलेलं उचलायचं नाही’ हे. त्याला अनुदान लागत नाही. रोज सकाळी दारात वाईटपणा घ्यायला एक माणूस लागतो, आणि त्याच्या मागे उभा राहणारा अधिकारी. निवडून येणाऱ्याला वाईटपणा परवडत नाही. प्रशासकाला परवडला असता. तीन-चार वर्षं संधी होती.

आणि कोकण वेगळं. तिथून पाकिटांचे गठ्ठे कुठे न्यायचे याचं उत्तर तरी आहे. जळाऊ सुका कचरा सिमेंटच्या भट्टीत जातो, असं आम्हाला सांगतात. आमच्यापासून भट्ट्या लांब. हलक्या, फुगलेल्या पाकिटांचा ट्रक तिथवर न्यायचा म्हणजे हवा वाहायची.

30 नोव्हेंबर, रविवार

कॉलनीची बैठक आमच्या अंगणात. चाळीसेक घरं. ओपन स्पेसमध्ये विटांची टाकी बांधायची, ओला कचरा तिथेच जिरवायचा, असं मी मांडलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. शेतकऱ्यांना ठाऊक असलेलं टाकं: दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतीला हवेसाठी भोकं. पालापाचोळा, शेणकाला, चाळलेली माती असे थर. तीन-चार महिन्यांत खत. वीज नाही, कबुतरांना जागा नाही.

एक अडचण आहे. मूळ पद्धतीत टाकं एक-दोन दिवसांत भरून वरून लिंपून टाकायचं असतं, आणि घरातली ओली बादली तर रोज थोडी थोडी येते. म्हणून टाकं नाडेपकाकांचं आणि भरण्याची रीत आमची: रोजच्या ओल्यावर रोज दुप्पट सुका पाला, आठवड्याला शेणकाला, एक भरेपर्यंत दुसरं रिकामं, तिसरं शिजत. लिंबाचा पाला भरपूर पडतो, आत्ता तो लोक पहाटे पेटवतात. शेण गवळ्याच्या गोठ्यातून.

वास येईल, असं कोपऱ्यावरचे गुरुजी म्हणाले. कुत्री येतील, असं त्यांच्या सौ. मटणाची हाडं टाकायची नाहीत असं ठरलं आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. ठेक्यावरच्या झाडणाऱ्या ताईला महिन्याला सगळ्यांनी मिळून पैसे द्यायचे आणि टाक्यांची राखण तिच्याकडे, यावर मात्र कोणी कुरकुर केली नाही. विटांचा भाव काढायचं काम तरुण मंडळींनी घेतलं. गुरुजींनी सही केली, खाली ‘वास आल्यास संमती रद्द’ असं लिहून.

3 डिसेंबर, बुधवार

काल मतदान करून आले. आज मोजणी होती ती हायकोर्टाच्या आदेशानं 21 तारखेला गेली. तोवर पेट्या बंद आणि आमच्या गावात तर्कांना ऊत.

अर्ज घेऊन नगरपालिकेत गेले. ओपन स्पेस त्यांच्या ताब्यात, म्हणून परवानगी हवी. अर्जात पैसे मागितलेले नाहीत, यंत्र नाही, शेड नाही. मागितलं आहे ते असं: आमच्या कॉलनीतली ओली बादली गाडीनं उचलू नये, सुकं आठवड्यातून दोनदाच घ्यावं, तेही वेगळं असेल तरच, काच महिन्यातून एकदा, आणि आमच्या वाचलेल्या खेपा नदीकाठच्या वस्तीला द्याव्यात, जिथे गाडी अजून एकदाही शिरलेली नाही.

आवक लिपिक नवा मुलगा आहे. त्यानं अर्ज दोनदा वाचला. संगणकात शाखा निवडली, विषय टाकला, मग थांबला. रकान्यात काहीतरी भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

“मॅडम, निधीची मागणी किती लिहू?”

“शून्य.”

त्यानं शून्य टाकून पाहिलं. घेतलं नाही. मग त्यानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, त्यांनी आतल्या खोलीतल्या लेखापालांना. लेखापाल बाहेर आले, मला ओळखलं, नमस्कार केला आणि म्हणाले, “ताई, खर्चच नाही म्हणता, मग हे कोणत्या शीर्षाखाली धरायचं?”